शल्यविशारद पर्सिव्हल पॉट

कर्करोगाचे नाव ऐकताच आजही माणसाच्या मनात भीती दाटून येते. अडीचशे वर्षांपूर्वी ही भीती अधिकच गडद होती; कारण हा रोग का होतो, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. शरीरात काळे पित्त साचले की कर्करोग होतो, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांपासून चालत आलेली समजूत युरोपात शतकानुशतके टिकून होती. कारण शरीराच्या आतच दडलेले असेल आणि डोळ्यांना दिसतही नसेल, तर तो रोग टाळणार तरी कसा? सामान्य माणसे त्याला दैवाचा कोप मानीत आणि निमूटपणे सोशीत. अशा काळात लंडनमधील एका शल्यविशारदाने एका कर्करोगाचे कारण रुग्णाच्या रोजच्या कामात, त्याच्या अंगावर बसणाऱ्या काजळीत दाखवून दिले. त्यांचे नाव पर्सिव्हल पॉट.

पॉट यांचा जन्म १७१४ च्या जानेवारी महिन्यात लंडन शहराच्या मध्यवस्तीत झाला. ज्या थ्रेडनीडल रस्त्यावर त्यांचे घर होते, तेथे आज बँक ऑफ इंग्लंडची भव्य इमारत उभी आहे. पर्सिव्हल जेमतेम तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. घरची परिस्थिती बेताची झाली. नात्यातील एका धर्मगुरूंनी मायलेकरांना आधार दिला आणि मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष पुरवले. या मुलानेही पुढे धर्मगुरू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. पण पर्सिव्हल यांचा ओढा शल्यविद्येकडे होता आणि त्या निश्चयापासून ते ढळले नाहीत.

शल्यविद्येला त्या काळी आजच्यासारखी प्रतिष्ठा नव्हती. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शल्यविशारद यांचा १७४५ पर्यंत एकच संघ होता. भूल देण्याची कला अजून शंभर वर्षे दूर होती. जंतूंमुळे जखम चिघळते, हेही कोणाला ठाऊक नव्हते. रुग्णाला घट्ट धरून ठेवायचे आणि शक्य तितक्या चपळाईने शस्त्र चालवायचे, हीच शस्त्रक्रियेची रीत होती. अशा या विद्येचे शिक्षण घेण्यासाठी १७२९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, पॉट हे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील एडवर्ड नूर्स यांच्याकडे शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले. गुरूंच्या व्याख्यानांसाठी मृतदेहांचे विच्छेदन करून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे असे. या कामातून मानवी शरीराची रचना त्यांना तळहातावरील रेषांप्रमाणे परिचित झाली. १७३६ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले आणि १७४९ मध्ये ते त्याच रुग्णालयात पूर्ण वेळेचे शल्यविशारद झाले. सेंट बार्थोलोम्यू हे बाराव्या शतकापासून गोरगरिबांची सेवा करणारे रुग्णालय होते. पॉट यांच्याकडे श्रीमंत रुग्णही येत; परंतु त्यांचे नाव ज्या शोधामुळे अमर झाले, तो शोध या गरिबांच्या रुग्णालयातील अनुभवातून लागला.

१७५६ च्या जानेवारीत त्यांच्या आयुष्यात एक विलक्षण प्रसंग घडला. घोड्यावरून जात असताना ते घसरून पडले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. लोक मदतीला धावले. पण पॉट यांनी स्वतःला हलवू दिले नाही. मोडलेला पाय हलला तर इजा वाढेल, हे ते जाणून होते. त्या कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी खुर्चीची पालखी वाहणारे भोई बोलावले. जवळपास एक दार विकत घेतले, पालखीचे दांडे त्याला खिळ्यांनी ठोकून घेतले आणि त्यावर निजून ते घरी पोहोचले. सहकाऱ्यांनी पाय पाहिला आणि तो कापण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरवले. कारण अशा जखमेतून विष भिनून रुग्ण दगावणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. पॉट यांनीही संमती दिली. शस्त्रे मांडून ठेवली गेली. एवढ्यात त्यांचे गुरू नूर्स तेथे आले. त्यांनी पाय बारकाईने तपासला आणि तो वाचवण्याचा प्रयत्न करून पाहावा, असे सुचवले. पाय वाचला. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत पॉट यांनी अंतर्गळ या विकारावरील आपला ग्रंथ लिहिण्यास प्रारंभ केला.

या प्रसंगानंतर त्यांच्या लेखणीला खंड पडला नाही. डोक्याच्या दुखापती, हाडांचे मोड आणि मणक्याचा विकार या विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. घोट्याच्या एका प्रकारच्या हाडमोडीला आणि मणक्याच्या क्षयरोगाला वैद्यकशास्त्रात आजही पॉट यांचेच नाव आहे. जखमा डागण्याच्या क्रूर उपायांना त्यांनी विरोध केला आणि शक्य तेथे सौम्य उपचारांचा पुरस्कार केला. १७६४ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास विद्यार्थी दुरून येत. पुढे थोर शल्यविशारद म्हणून गाजलेले जॉन हंटर हेही त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीच होते.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध समजून घेण्यासाठी त्या काळच्या लंडनमधील घरांकडे पाहावे लागते. थंडीपासून बचाव करण्यासाठी प्रत्येक खोलीत शेकोटी असे. शेकोटीचा धूर छपरावाटे बाहेर नेण्यासाठी भिंतीतून वर जाणारी विटांची पोकळ नळी बांधलेली असे. तिलाच धुराडे म्हणतात. लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळला जाऊ लागला, तेव्हा धुराडी अरुंद बांधली जाऊ लागली. अनेक धुराड्यांची पोकळी जेमतेम नऊ इंच रुंद आणि चौदा इंच लांब असे. वाटेत तिला वळणेही असत. कोळशाची काजळी आतून साचत जाई. ती काढली नाही तर धुराड्यात आग लागण्याचे भय असे. एवढ्याशा पोकळीत मोठा माणूस शिरू शकत नव्हता. म्हणून या कामाला लहान मुले जुंपली जात.

ही मुले बहुधा अनाथ किंवा अत्यंत गरीब घरांतील असत. चार-पाच वर्षांचे मूलही या धंद्यात ढकलले जाई. मालकाच्या हाती ते सोपवले गेले की त्याची सुटका वयात येईपर्यंत होत नसे. पहाटेच्या अंधारात ही मुले कामावर निघत. कोपर आणि गुडघे भिंतींना टेकवून, अंग चोरून ती वर सरकत. कपडे अडकू नयेत म्हणून कित्येकदा ती उघड्या अंगानेच आत शिरत. कोणी गुदमरून मरे, कोणी भाजून निघे, कोणी वळणावर अडकून पडे. रात्री निजायला आणि पांघरायला काजळीचीच पोती असत. अंघोळ क्वचितच घडे. महिनोन्‌महिने अंगावर साचलेली ती काजळी घामाबरोबर त्वचेच्या प्रत्येक घडीत उतरत असे.

यांतील काही मुले मोठी झाल्यावर एक भयंकर व्याधी त्यांना गाठी. वृषणकोशाच्या, म्हणजे अंडकोशाच्या पिशवीच्या त्वचेवर एक फोड येई आणि त्याचे न भरणारे व्रण होई. धुराडी साफ करणारे लोक त्याला काजळीचा चामखीळ म्हणत. लाजेपोटी ते तो लपवीत, किंवा स्वतःच चिमटीत धरून कापून टाकीत. डॉक्टरांकडे गेलेच तर आणखी एक संकट उभे राही. जागा गुप्तांगाची असल्यामुळे हा गुप्तरोगच असणार, असा डॉक्टरांचा समज होई आणि रुग्णाला पारा दिला जाई. पाऱ्याने व्रण भरत नसे. उलट प्रकृती खालावत जाई. तोवर रोग वृषणात, तेथून जांघेत आणि पोटात पसरे आणि रुग्णाचा वेदनामय अंत होई.

पॉट यांनी असे अनेक रुग्ण पाहिले होते. इतरांनीही ते पाहिले होते. पण पॉट यांनी या सर्वांमध्ये समान काय आहे, याचा विचार केला. रोग्यांचा धंदा एकच होता. व्रणाची जागा एकच होती. पाऱ्याचा उपयोग कोणालाच होत नव्हता. वयात येण्यापूर्वी हा रोग त्यांना कधी आढळला नव्हता. पण रोग्यांपैकी बहुतेकांचे बालपण धुराड्यांत गेलेले होते. या निरीक्षणांवरून त्यांनी निष्कर्ष काढला, की हा गुप्तरोग नसून कर्करोग आहे आणि वृषणकोशाच्या सुरकुत्यांमध्ये साचून राहणारी काजळी हे त्याचे कारण आहे. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे अवघ्या काही पानांत मांडले. व्रण लहान असतानाच कापून काढला तर रुग्ण वाचू शकतो, रोग आत पसरल्यावर मात्र शस्त्रक्रियेचाही उपयोग होत नाही, हेही त्यांनी बजावले. लवकर ओळखलेला कर्करोग बरा होण्याची आशा अधिक असते, हे आजचे तत्त्व त्या पानांत स्पष्ट दिसते. शास्त्रीय ग्रंथाच्या कोरड्या भाषेतही त्यांची करुणा लपून राहिली नाही. थंडी, भूक, मारझोड आणि भाजलेले अंग सोसून जी मुले मोठी होतात, त्यांच्याच वाट्याला पुढे हा रोग यावा, याबद्दलचे दुःख त्यांनी उघडपणे व्यक्त केले.

त्यांच्यापूर्वी १७६१ मध्ये लंडनमधीलच जॉन हिल यांनी तपकीर ओढण्याच्या सवयीचा आणि नाकातील कर्करोगाचा संबंध सुचवला होता. परंतु एखाद्या व्यवसायातील विशिष्ट पदार्थामुळे विशिष्ट कर्करोग होतो, हे स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय पॉट यांच्याकडे जाते. या विचाराचे मोल फार मोठे होते. कारण शरीराबाहेर असेल, तर ते दूर ठेवता येते. काजळी ही पाण्याने धुता येण्याजोगी वस्तू होती.

पण कारण कळले म्हणून रोग आपोआप थांबत नाही. डेन्मार्कमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या संघाने १७७८ मध्ये आपल्या सदस्यांना रोज अंघोळ करण्याचा नियम घालून दिला. इंग्लंडमध्ये मात्र पावले फार संथ पडली. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास मनाई केली आणि मुलांना आठवड्यातून एकदा तरी अंघोळ घालावी असे सांगितले. तथापि, कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणा उभारली गेली नाही. नऊ वर्षांचे मूल आणि सात वर्षांचे मूल यांतला फरक काजळीने माखलेल्या चेहऱ्यावरून कोण ओळखणार? मालक पूर्वीप्रमाणेच वागत राहिले.

त्याच १७८८ च्या डिसेंबर महिन्यात पॉट यांचे निधन झाले. आदल्या वर्षी ते रुग्णालयाच्या सेवेतून निवृत्त झाले होते. पण रुग्णांची सेवा त्यांनी सोडली नव्हती. लंडनपासून दूर राहणाऱ्या एका रुग्णाला पाहण्यासाठी ते भर थंडीत गेले. परतल्यावर त्यांना सर्दी-ताप झाला आणि त्यातच २२ डिसेंबर रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी ज्यांचे दुःख जगापुढे मांडले, ती मुले तेव्हाही धुराडी चढत होती.

पुढे १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी मुलाशिवाय धुराडे साफ करता येईल असा लांब दांड्यांचा ब्रश तयार केला. तरीही जुनी रीत सुटली नाही. वळणावळणाच्या धुराड्यांची नव्याने बांधणी करावी लागेल, खर्च वाढेल, अशा सबबी घरमालक पुढे करीत. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी झाली. तोही कायदा धाब्यावर बसवला गेला. अखेर १८७५ मध्ये परवान्याची सक्ती झाली आणि कायद्याची अंमलबजावणी पोलिसांकडे सोपवण्यात आली, तेव्हा कोठे ही प्रथा बंद पडली. पॉट यांच्या ग्रंथाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. ज्ञान आणि कृती यांमधील या शंभर वर्षांची किंमत लहान मुलांनी मोजली.

स्वच्छतेने हा रोग टाळता येतो, याचा पुरावा १८९२ मध्ये हेन्री बटलिन या इंग्रज शल्यविशारदाने पुढे आणला. इंग्लंडमध्ये हा कर्करोग आढळत असताना युरोपातील इतर देशांतील त्याच धंद्याच्या लोकांना तो क्वचितच का होतो, याचा त्यांनी शोध घेतला. जर्मनीसारख्या देशांतील कामगार अंगभर घट्ट बसणारे कपडे घालून काम करीत आणि काम संपताच अंग धूत. अंगावरचा कपडा आणि बादलीभर पाणी यांनी जे साधले, ते इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेलाही साधत नव्हते.

काजळीत नेमके काय घातक आहे, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९१५ मध्ये जपानमधील यामागिवा आणि इचिकावा या शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना अनेक महिने चिकाटीने कोळशाचे डांबर चोळून तेथे कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून बेंझोपायरिन हे कर्करोगकारक रसायन वेगळे केले. शरीरातील पेशींची वाढ नियंत्रित करणाऱ्या जनुकांत अशी रसायने बिघाड घडवतात. हे बिघाड वर्षानुवर्षे साचत जातात आणि एखादी पेशी बेसुमार वाढू लागते. म्हणूनच बालपणी बसलेल्या काजळीचा परिणाम तरुणपणी किंवा त्याहूनही पुढे दिसत असे. हेच बेंझोपायरिन बिडी-सिगारेटच्या धुरातही असते. धूम्रपान करणारा मनुष्य एका अर्थाने आपल्याच छातीत एक धुराडे बांधून घेत असतो.

माणसाच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्याची ही परंपरा पुढे भारतातही रुजली. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते आज निर्विवाद मानले जाते. खैनी, गुटखा, मशेरी, तपकीर, बिडी, सिगारेट ही सर्व तंबाखूचीच रूपे आहेत. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

धोका असणे म्हणजे रोग होणारच असे नव्हे. धुराड्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग झाला नाही आणि आजही तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसाला कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे रुग्णाला दोष देणे योग्य नाही. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, म्हणून त्याला दूर लोटणेही अन्यायाचे आहे. मात्र, जितका काळ आणि जितक्या प्रमाणात घातक पदार्थाशी संबंध येतो, तितकी रोगाची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखू, सुपारी आणि मद्य यांपासून दूर राहणे, वजन आटोक्यात ठेवणे, रोज अंगमेहनत करणे आणि घरात धूर कोंडू न देणे हे उपाय बहुतेकांच्या आवाक्यातले आहेत. डांबर, यंत्रांचे तेल किंवा रसायने हाताळणाऱ्यांनी संरक्षक कपडे वापरावेत आणि काम संपताच हातपाय स्वच्छ धुवावेत. यकृताचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूंवर आता लसी उपलब्ध आहेत. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, स्तनातील गाठ अशी लक्षणे दिसताच लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. धुराड्यांत काम करणाऱ्यांनी लाजेपोटी लपवलेल्या व्रणांनीच त्यांचे प्राण घेतले होते.

पर्सिव्हल पॉट यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकाखाली जनुके पाहण्याची सोय नव्हती की मोठी प्रयोगशाळाही नव्हती. ज्यांच्याकडे समाजाने पाठ फिरवली होती, अशा काळवंडलेल्या माणसांकडे त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि त्यांच्या दुखण्यामागचे कारण विचारले. त्या उत्तराने कर्करोगाला दैवाच्या हातून सोडवून माणसाच्या कक्षेत आणले. त्या उत्तराप्रमाणे वागण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला आपापल्या घरी आणि कामाच्या ठिकाणी करावे लागते.